खांदेदुखी : आधी निदान, मग इलाज

निखळलेला खांदा जागेवर कसा बसवावा, याचे लेखी मार्गदर्शन सुश्रुतसंहितेत आहे. सुश्रुत आणि त्याचे सहाध्यायी काशिराज दिवोदास धन्वंतरींकडे शल्यविद्या शिकले, असे हा ग्रंथच सांगतो. त्याच काशीत आज बनारस हिंदू विद्यापीठाची वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, तिचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे आणि २०१५ मध्ये उद्घाटन झालेले ट्रॉमा सेंटरही आहे. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण इथे येतात. तरीही खांद्याबद्दलचे गैरसमज काशीत जितके आहेत तितकेच पुण्यात, नागपुरात आणि सोलापुरात आहेत. ऑपरेशनची खरी गरज असलेला माणूस महिनोन्महिने लेप लावत बसतो आणि ज्याला गरज नाही तो एमआरआयचा कागद घेऊन ऑपरेशनच्या तारखेची चौकशी करतो. दोघांचेही नुकसान होते, आणि ते टाळता येण्यासारखे असते.

आधी सांध्याची रचना पाहू. खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचे डोके मोठे, म्हणजे बशीवर चेंडू ठेवावा तशी ही मांडणी आहे. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही. हाडाचे डोके खोबणीत धरून ठेवण्याचे काम सांध्याभोवतीचे वेष्टन, खोबणीच्या कडेची कूर्चा आणि चार स्नायूंच्या शिरा करतात. या चार शिरांच्या वेढ्याला डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. दुखणे यांपैकी नेमके कुठे आहे, यावर पुढचा सगळा इलाज ठरतो.

गैरसमज १ : हात वर जात नाही, म्हणजे फ्रोझन शोल्डरच

वस्तुस्थिती : वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, ही लक्षणे फ्रोझन शोल्डरची आहेत, पण केवळ त्याचीच नाहीत. एक साधी पारख डॉक्टर नेहमी करतात. रुग्णाला स्वतः हात उचलायला सांगतात आणि मग स्वतः तो हात हळूच उचलून पाहतात. फ्रोझन शोल्डरमध्ये वेष्टनच आकसलेले असते, त्यामुळे दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. शीर तुटली असेल तर रुग्णाला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बराच वर जातो. सांध्याची झीज झाली असेल तर एक्स-रेमध्ये दिसते. मानेतून निघणारी नस दाबली गेली असेल तर कळ दंडातून बोटांपर्यंत उतरते. डाव्या खांद्यात अचानक कळ येऊन घाम फुटला, छातीत दडपण आले किंवा दम लागला, तर हाडांच्या डॉक्टरकडे न जाता तातडीने हृदयाची तपासणी करायला हवी.

फ्रोझन शोल्डर बहुधा चाळीस ते साठ या वयात होतो, स्त्रियांना अधिक होतो आणि मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट असते. खांदा आखडला आणि साखर कधीच तपासलेली नसेल, तर ती त्याच आठवड्यात तपासा. खांद्याच्या तक्रारीमुळेच पहिल्यांदा मधुमेह उघड झाला, असेही घडते.

गैरसमज २ : खांद्याला क्षयरोग होत नाही

वस्तुस्थिती : होतो, आणि आपल्या देशात त्याचा विचार करणे भागच आहे. क्षयाच्या रुग्णांपैकी साधारण १ ते ३ टक्क्यांना तो हाडा-सांध्यांत होतो. त्यातला जवळजवळ निम्मा पाठीच्या कण्याचा असतो, खांद्याच्या वाट्याला थोडा येतो. पण खांद्याच्या क्षयाचा एक कोरडा प्रकार फार फसवा आहे. त्यात सूज नसते, पू नसतो, बऱ्याचदा तापही नसतो. खांदा आखडत जातो आणि भोवतालचे स्नायू लक्षणीय वाळतात. तो फ्रोझन शोल्डर समजून सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, तर रोग आणखी पसरतो. म्हणून महिनाभरात उतार पडत नसेल, वजन घटत असेल, दंड बारीक होत असेल, तर एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सांध्यातल्या ऊतीचा तुकडा तपासणे आवश्यक असते.

या विषयात वाराणसीचे ऋण मोठे आहे. बनारस हिंदू विद्यापीठात अस्थिरोगाचे प्राध्यापक असलेले डॉ. एस. एम. तुली यांनी कण्याच्या क्षयावर ‘मध्यममार्ग’ मांडला आणि त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये ब्रिटिश अस्थिशल्य नियतकालिकात प्रसिद्ध केले. क्षय झाला की हाड उघडून साफ करायलाच हवे, असे मानणारा एक पंथ तेव्हा प्रबळ होता. तुलींनी औषधे सगळ्यांना दिली आणि ऑपरेशन औषधांना दाद न देणाऱ्यांसाठी किंवा गुंतागुंत झालेल्यांसाठी राखून ठेवले. बहुसंख्य रुग्ण औषधांवरच सुधारले. हाडा-सांध्यांच्या क्षयावरचा त्यांचा ग्रंथ भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या पिढ्यांनी अभ्यासला. आजही सांध्याच्या क्षयाला वर्ष-दीड वर्ष औषधे घ्यावी लागतात, ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि बहुतेकांना सुरी लागत नाही.

गैरसमज ३ : निखळलेला खांदा कुणीही झटका देऊन बसवू शकतो

वस्तुस्थिती : बनारसच्या आखाड्यांत जोडी आणि गदा फिरवणारे पहिलवान, आपल्याकडच्या तालमी आणि गावोगावचे हाडवैद्य, यांच्या हाताच्या गुणावर लोकांची श्रद्धा आहे. काही खांदे खरोखर त्यांच्या हातून बसतात. पण बाहेरून निखळलेला वाटणारा खांदा आतून मोडलेलाही असू शकतो, आणि मोडलेल्या हाडाला झटका दिला तर तुकडे सरकतात, नस किंवा रक्तवाहिनी दुखावते. म्हणून आधी एक्स-रे काढायचा, बोटांची संवेदना आणि हाताची नाडी पाहायची, मग वेदनाशमन किंवा भूल देऊन खांदा सावकाश बसवायचा आणि पुन्हा एक्स-रे काढून खात्री करायची, हा क्रम चुकवता येत नाही.

आपल्या परंपरेनेही झटका सांगितलेला नाही. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णन केले आहेत. ओढणे, दाबणे, जुळवून आणणे आणि बांधणे हा उपचारांचा क्रम दिला आहे. खांद्यासाठी काखेत मुसळ घालून सांधा उचलावा आणि जागेवर बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा, असे सांगितले आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या पद्धतीत काखेत टाच रोवून हात ओढत. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे : आधार द्यायचा, ओढ द्यायची, आणि नंतर सांधा बांधून ठेवायचा.

उशीर सर्वात महाग पडतो. तीन-चार आठवडे निखळलेलाच राहिलेला खांदा बंद पद्धतीने बसवणे कठीण आणि धोक्याचे होते, मग उघडे ऑपरेशन करावे लागते. फिट येऊन किंवा विजेचा धक्का बसून खांदा दुखू लागला असेल, तर तो मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एका एक्स-रेत हे निसटते. अशा वेळी बाजूने किंवा काखेतून घेतलेला दुसरा एक्स-रे मागायला संकोचू नका.

गैरसमज ४ : हाडसांधीचा लेप लावला की ऑपरेशन टळते

वस्तुस्थिती : हाडसांधी, म्हणजे कांडवेल, ही वनस्पती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. बनारसच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांचे सहकारी जी. सी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर शास्त्रशुद्ध प्रयोग केले. मोडलेले हाड भरून येण्याचा वेग तिच्यामुळे वाढतो का, हे त्यांनी प्राण्यांवर तपासले आणि अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण तो अभ्यास हाड भरून येण्याचा होता. निखळलेला सांधा जागेवर आणणे किंवा हाडापासून सुटलेली शीर परत चिकटवणे हे कुठल्याही लेपाचे काम नाही. जुन्या औषधांची अशी पारख करणे हीच काशीची खरी परंपरा आहे. त्या संशोधनाचे नाव घेऊन उपचार लांबवणे त्याच्या कर्त्यांवरही अन्याय करणारे आहे.

गैरसमज ५ : एमआरआयमध्ये शीर फाटलेली दिसली, म्हणजे ऑपरेशन हवेच

वस्तुस्थिती : वय वाढते तशा रोटेटर कफच्या शिरा झिजतात आणि अनेकांच्या न दुखताच फाटतात. जपानमधल्या एका डोंगराळ गावातल्या रहिवाशांचे १,३६६ खांदे सोनोग्राफीने तपासण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २०.७ टक्के खांद्यांत शीर पूर्ण फाटलेली आढळली. ज्यांची काहीच तक्रार नव्हती, अशा खांद्यांतही हे प्रमाण १६.९ टक्के होते. म्हणून इलाज केवळ चित्रावर ठरत नाही. वय, काम, हाताची ताकद आणि दुखण्याची सुरुवात कशी झाली, हे सगळे पाहून तो ठरतो. साठीच्या माणसात हळूहळू सुरू झालेल्या दुखण्याला पहिले दोन-तीन महिने नियमित व्यायाम आणि फिजिओथेरपी हाच योग्य उपचार असतो.

खांद्यावरच्या हाडाचा पुढे आलेला भाग घासून शिरांसाठी जागा मोकळी करण्याचे ऑपरेशन एकेकाळी सर्रास होत असे. ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांवरच्या चाचणीत काहींचे हे ऑपरेशन केले, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले आणि काहींना ऑपरेशनशिवाय ठेवले. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार, खरे ऑपरेशन नुसत्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरले नाही, आणि ऑपरेशन न झालेल्यांच्या तुलनेत झालेला फायदाही रुग्णाला जाणवावा इतका मोठा नव्हता. फ्रोझन शोल्डरबद्दल ब्रिटनमध्येच ५०३ रुग्णांवर चाचणी झाली. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीने वेष्टन कापणे या तिन्ही गटांत रुग्ण सुधारले. कुठलाही एक उपाय स्पष्टपणे वरचढ ठरला नाही. गंभीर गुंतागुंती थोड्याच होत्या, पण त्यातल्या बहुतेक दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या गटात होत्या.

गैरसमज ६ : खांद्याचे ऑपरेशन यशस्वी होतच नाही, ते टाळलेलेच बरे

वस्तुस्थिती : योग्य रुग्णात ऑपरेशन हात वाचवते. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात उचलेनासा झाला, तर शीर ताजी तुटलेली असू शकते. अशा वेळी वाट पाहणे चुकीचे असते, कारण तुटलेली शीर आकसत जाते, स्नायूत चरबी भरते आणि नंतर ती शिवूनही हाती फारसे काही लागत नाही. काही आठवड्यांच्या आत दुर्बिणीतून, हाडात बारीक अँकर बसवून, ती शिवता येते.

विशीच्या आतल्या मुलाचा खांदा एकदा निखळला, की पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. याचे कारण ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले : खोबणीच्या पुढच्या कडेची कूर्चा सुटलेली असते. ती पुन्हा जोडण्याच्या ऑपरेशनला आजही त्यांचेच नाव आहे. खोबणीचे हाडच झिजले असेल, तर फ्रेंच सर्जन लातार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने शेजारच्या हाडाचा तुकडा तिथे बसवतात. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्या मुलाने ‘निखळला की मीच बसवून घेतो’ असे म्हणत वर्षे घालवली, तर प्रत्येक वेळी हाड थोडे आणखी झिजते.

सांधेरोपणही आता नवलाईचे राहिलेले नाही. पहिला कृत्रिम खांदा फ्रेंच सर्जन पेआन यांनी १८९३ मध्ये पॅरिसमध्ये बसवला, तोही क्षयाने नासलेल्या सांध्यात. संसर्गामुळे तो दोन वर्षांनी काढावा लागला. १९८५ मध्ये पॉल ग्रामों यांनी उलटी रचना सुचवली. तिच्यात गोळा खोबणीच्या जागी आणि वाटी दंडाच्या जागी असते. शिरा कायमच्या गेलेल्या वृद्धांनाही त्यामुळे खांद्यावरच्या मोठ्या स्नायूच्या बळावर हात उचलता येऊ लागला.

गैरसमज ७ : ऑपरेशन झाले, आता काम संपले

वस्तुस्थिती : शीर शिवल्यानंतर ती हाडाला धरायला महिने लागतात. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो, मग दुसऱ्याच्या मदतीने हालचाल, मग स्वतःची हालचाल आणि साधारण तीन महिन्यांनंतर ताकदीचे व्यायाम सुरू होतात. घाई केली तर शिवण सुटते. मुळीच हालवला नाही तर सांधा आखडतो. वय, मोठी चीर, तंबाखू आणि अनियंत्रित साखर यांमुळे शीर पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी रुग्णाच्या हातात असतात. लांबून येऊन ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी गावी परतण्याआधी व्यायामाचे वेळापत्रक लिहून घ्यावे आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टची सोय आधीच करावी.

खांद्यासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा चार प्रश्न विचारा : माझ्या दुखण्याचे नेमके निदान काय? ऑपरेशनशिवाय काय करता येईल आणि किती दिवस वाट पाहायची? वाट पाहिल्याने नुकसान होईल का? ऑपरेशन केल्यास पूर्वपदावर यायला किती महिने लागतील? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत झटका, लेप, इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांपैकी कशालाही होकार देऊ नका. मात्र खांदा निखळला असेल किंवा इजेनंतर हात अचानक पडला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.