कुंडलिकेच्या काठी दोन रात्री

सहल म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे आपल्या बहुतेक घरांतून अजूनही मानले जाते. बाहेर पडायचे ते चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला, महाडला, नाहीतर कुणाच्या लग्नाला किंवा मयताला. यात गैर काही नाही. ज्या घरातला पगार वीस तारखेलाच संपतो, त्या घराने आणखी काय करावे? परंतु वाचक भगिनींनो, एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या घरातील बाई सलग दोन दिवस चूल न पेटवता, कुणाचे ताट न वाढता, नुसती बसलेली आपण कधी पाहिली आहे काय? लग्नाला गेली तरी ती भाजी चिरायला बसते. अभिवादनाला निघाली तरी भाकऱ्यांचे गाठोडे तिच्याच काखेत असते.

आमच्या सासूबाईंचे वय बाहत्तर. सारे आयुष्य चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेले. त्यांना एकदा तरी स्वस्थ बसवून आणावे, म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही घरची पाच माणसे रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ, कुंडलिका नदीच्या काठी, एका शेतकरी कुटुंबाच्या कॅम्पवर दोन रात्री राहून आलो.

कॅम्प म्हटले की डोळ्यांसमोर जे येते, तसे तेथे काही नव्हते. कौलारू घर, घरामागे नदीपर्यंत उतरत गेलेली काही गुंठे जमीन, आंब्या-जांभळाखाली सहा तंबू, आणि पलीकडे कडप्पा घातलेली स्वच्छ न्हाणीघरे व संडास. तंबूत गाद्या, चादरी, एक दिवा. भात कापून झालेला, आणि त्याच ओलीवर वाल पेरलेला. थोरले दादा पाहुण्यांचे आणि शेतीचे पाहतात, धाकटे धाटावच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर जातात. घरच्या काकू आणि त्यांची सून स्वयंपाक करतात. दारू आणि लाऊडस्पीकर चालणार नाही, हे फोनवर पहिल्यांदा सांगितले जाते. अशी जागा त्यामुळे गर्दीची होत नाही आणि फार पैसाही मिळवत नाही. रात्री नऊला जे सामसूम झाले, तशी शांतता आमच्या मुलांनी जन्मात ऐकलेली नव्हती. धाकटा तर विचारू लागला, "आई, लाईट गेली का?"

आता नदीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ही नदी इतर नद्यांसारखी नाही. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात कोरड्या. कुंडलिका मात्र बारा महिने वाहते. घाटावर मुळशीला मुळा नदीवर धरण आहे. मुळेचे पाणी खरे म्हणजे पूर्वेला जायचे. पुण्यात मुठेला मिळून, पुढे भीमा आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला. टाटांनी ते बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. चक्रे फिरवून झालेले पाणी कुंडलिकेत येते, पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते, आणि बाकीचे रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला. धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालचा १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच झाला होता. आज रबरी होड्यांतून ओरडत जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांना यातले काही ठाऊक असेल असे वाटत नाही.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. दादांनी हे बोलता बोलता सांगितले, तेव्हा सासूबाईंनी पाण्यातले पाय वर घेतले. आमचे सासरे १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. "म्हंजी ह्यांची गिरणी ह्या पाण्यावर चालायची व्हय?" असे त्या म्हणाल्या आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मनात काय आले ते मी विचारले नाही.

वीजगृहातून पाणी सुटले की नदी चढते, आणि बंद झाले की उतरते. हे बहुधा सकाळी होते, पण वेळ विजेच्या मागणीवर असते, रोज एकच असेल असे नाही. पाऊस नाही, आभाळ निरभ्र, आणि मघाशी घोट्याएवढे असलेले पाणी पाहता पाहता कमरेला येते, ओढ धरते. आपली बहुसंख्य मुले नळाच्या पाण्यावर वाढलेली, पोहता येणारी किती? सुट्टीत नदीवर गेलेली पोरे परत आली नाहीत, अशी बातमी दरवर्षी आपण वाचतो आणि पान उलटतो. या कॅम्पवर काठाचा एक मोठा दगड चुन्याने रंगवला आहे. दगडाचा पांढरा पट्टा भिजला की कुणी पाण्यात पाय घालायचा नाही, हा घरचा नियम, आणि दादांची बारा वर्षांची मुलगीसुद्धा पाहुण्यांना तो दरडावून सांगते. माझ्या मते जागा निवडताना जेवण काय, हे विचारण्याआधी हे विचारावे: पाणी सुटते तेव्हा सांगणारे कोण आहे? अंगात घालायची जॅकेटे लहान मुलांच्या मापाची आहेत का? दोर आहे का? उत्तर देताना समोरचा माणूस हसला, तर दुसरी जागा पाहावी. पावसाळ्यात मुलांना घेऊन नदीकाठी मुक्काम करूच नये.

दुसरी एक गोष्टही लिहिलीच पाहिजे. ही जागा ठरवण्यापूर्वी आम्ही त्याच भागात दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला होता. त्यांनी आडनाव विचारले. मी सांगितले. "कळवतो" म्हणाले, आणि कळवले नाही. आडनाव विचारणे गुन्हा नव्हे, ओळखपत्र सगळीकडेच द्यावे लागते. पण विचारल्यानंतरचा सूर आपल्या माणसाला कळतो. येथे दादांनी वहीत नावे लिहून घेतली, गाव विचारले, आणि काकूंनी आत बोलावून चुलीजवळच पाट मांडला. स्वयंपाकघरातला माठ आमच्या हाताला होता. मी मुद्दाम पाहिले, हे कबूल करते. आमच्या मुलांनी पाहिले नाही. त्यांना तहान लागली, त्यांनी पाणी घेतले.

सासूबाईंना स्वस्थ बसवण्याचा आमचा बेत मात्र पहिल्याच दुपारी मोडला. काकू वालाच्या शेंगा निवडत होत्या. या जाऊन शेजारी बसल्या. "आजी, तुम्ही पाहुण्या, तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "बसलेच की," असे म्हणून यांनी सूप ओढून घेतले. दोघींचे जे गूळपीठ जमले ते निघेपर्यंत. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या घरच्या बाईला विसावा द्यायचा, तर दुसऱ्या घरची बाई पहाटे पाचला उठते. नोकरी हिशेबाची आणि शिक्षण बी.कॉम.चे, त्यामुळे खोड जात नाही. दादांची वही मागून पाहिली. किराणा, कोंबड्या, गॅस, चादरींची धुलाई, भांडी घासायला येणाऱ्या कातकरी बाईंची रोजची मजुरी, सारे व्यवस्थित लिहिलेले. काकूंचा आणि सुनेचा रोज कोठेच नाही. "घरच्याच आहेत की," दादा म्हणाले. घरच्या आहेत म्हणून तर दर परवडतो! मी त्यांना दोघींच्या नावे रोज मांडून दाखवला. आठवड्याचा नफा निम्म्यावर आला. दादा गप्प झाले, सून मात्र पदराआड हसत होती. पुढे त्यांनी काय केले ते कळायला मार्ग नाही, पण निघताना काकूंनी माझ्या पिशवीत वालाची पुरचुंडी घातली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले, नोंदणीची सोयही केली. नदीकाठी किंवा रस्त्याला लागून ज्यांची थोडीफार जमीन उरली आहे, अशा आपल्या गावाकडच्या बांधवांनी याचा विचार अवश्य करावा. दोन तंबू, दोन स्वच्छ संडास आणि चोख जेवण, एवढ्यावरही सुरुवात होते. फक्त वहीत घरच्या बाईचे नाव पहिल्या दिवसापासून घालावे.

खर्चाचे सांगते. चहा-नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरून माणशी दिवसाला बाराशे रुपये पडले, लहान मुलांना निम्मे. होडीतून प्रवाहात जाण्याचे पैसे वेगळे. आम्ही गेलो नाही, आणि तीन तासांच्या आरडाओरड्यापेक्षा काठावर बसून खंड्याचे सूर मोजणे मला तरी बरे वाटले. मुंबईहून कोलाड सुमारे एकशे वीस किलोमीटर. महाड, माणगावकडे जाणाऱ्या एस.टी. कोलाडवरूनच जातात. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. कोकण रेल्वेचे स्थानकही आहे, पण थोड्याच गाड्या थांबतात. रस्त्याच्या कामांमुळे हाताशी दोन तास जास्त ठेवावेत.

महाड येथून पुढे तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. २५ डिसेंबरला आणि २० मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्या आपल्या गाड्या कोलाडच्या पुलावरून न थांबता निघून जातात. परतीला एक रात्र येथे काढता येईल. डिसेंबरात रात्री थंडी पडते, वृद्धांसाठी स्वेटर, कानटोपी आणि बॅटरी न्यावी. याच दिवसांत शेतात वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे करायचे आणि भोवती जाळ घालायचा. पाणी नाही, तेल नाही. पोपटी हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवावे लागते, कारण पाला शोधून आणायला दादांना बांधाबांधाने हिंडावे लागते.