पाळी सुटल्यावर दोन मिनिटे आपल्या अंगासाठी

"दिवसभर कंपनीत अंग मोडते, वर आणखी व्यायाम कशाला?" व्यायामाचा विषय निघाला की वस्तीत हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याचे चुकत नाही. बुधवार पेठेतून किंवा मिलिंद नगरातून निघायचे, पुणे महामार्गाने चिंचोळी एमआयडीसी गाठायची, पाळी भरायची आणि तेवढाच रस्ता परत यायचा. घरी आल्यावर भगिनींना पुन्हा पाणी, स्वयंपाक, मुले आहेतच. अशा माणसाला जिमची फी परवडत नाही आणि जिमला जायला वेळही उरत नाही.

तरीही या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या बहुतेक घरांत कमावते शरीर हेच भांडवल असते. खांदा धरला, कंबर गेली, की खाडे पडतात आणि पगार कापला जातो.

काम म्हणजे व्यायाम नव्हे

पोती उचलणारा एकाच खांद्यावर भार घेतो. शिलाईला बसलेली ताई आठ तास मान खाली घालून असते. विड्या वळणाऱ्या आईची बोटे दिवसभर मिटण्याचेच काम करतात, उघडण्याचे करीत नाहीत. कामात तेच ते स्नायू थकेपर्यंत वापरले जातात, बाकीचे तसेच पडून राहतात. विश्रांती कधी घ्यायची हेही आपल्या हातात नसते. व्यायामात भार आपण ठरवतो, वेळ आपण ठरवतो आणि दुबळ्या राहिलेल्या स्नायूंना मुद्दाम काम देतो. कामावरची अंगमेहनत आणि फुरसतीतला व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी अनेक वर्षे अभ्यासून मांडले आहे.

त्याच देशात २०११ साली मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ नोकरदारांवर एक प्रयोग झाला. त्यांना रबरी नळी ताणून खांद्याचा एकच व्यायाम दिला. काहींनी तो रोज फक्त दोन मिनिटे केला, काहींनी बारा मिनिटे. आठवड्यातून पाच दिवस, असे दहा आठवडे चालले. दोन्ही गटांचे दुखणे व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झाले. पुढे २०१४ साली कत्तलखान्यातील ६६ कामगारांवर असाच अभ्यास झाला. त्यांचे हात जुनाट दुखत होते. आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटे ताकदीचा व्यायाम केल्यावर त्यांनाही फरक पडला. म्हणजे अंगमेहनत करणाऱ्यालाही हा उपाय लागू पडतो.

पट्टा कोणता घ्यावा

या साधनाला रेझिस्टन्स बँड म्हणतात. आपण त्याला रबरी पट्टा म्हणू. तो तीन प्रकारांत मिळतो: लांब सपाट पट्टा, गोल कडे असलेला छोटा पट्टा आणि दोन्ही टोकांना मुठी असलेली नळी. घरात एकच घ्यायचा असेल तर सुमारे दीड मीटर लांबीचा सपाट पट्टा घ्या. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तो चालतो. लागेल तशी गाठ मारून त्याचे कडेही करता येते. साधा पट्टा दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो.

पट्ट्याचा रंग त्याचा जोर सांगतो, पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असू शकतात. थेराबँड या जुन्या कंपनीचा क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढत जातो. त्यांचा पिवळा पट्टा दुप्पट लांबीपर्यंत ताणला तर साधारण १.३ किलोचा, लाल १.७ किलोचा आणि हिरवा २.१ किलोचा जोर लागतो. दुसरी कंपनी असेल तर रंगावर न जाता पाकिटावरचा आकडा वाचा. वयस्कर आणि नवख्यांनी हलक्या पट्ट्यापासून सुरुवात करावी. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी लॅटेक्स नसलेला पट्टा मागावा.

सायकलची जुनी ट्यूब वापरणारेही आहेत. ती चालते, पण धातूचा व्हॉल्व्ह असलेला तुकडा आधी कापून टाका आणि चिरा पडलेली ट्यूब वापरू नका. काहीच हाताशी नसेल तर टॉवेल आहे, तोही आपल्या गावचाच. छातीसमोर टॉवेलची दोन टोके धरून बाहेरच्या बाजूला दहा सेकंद ओढा. टॉवेल ताणला जात नाही, तरी खांदे आणि पाठ काम करतात.

पाच साधे व्यायाम

१. खांद्यासाठी : पट्ट्याच्या मध्यावर उभे राहा. दोन्ही टोके धरून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्या आणि सावकाश खाली आणा. वरच्या प्रयोगातला व्यायाम हाच.

२. पाठीसाठी : जमिनीवर पाय पसरून बसा. पट्टा दोन्ही तळव्यांभोवती घ्या. पाठ ताठ ठेवून कोपरे मागे ओढा. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांनी हा चुकवू नये.

३. छाती उघडण्यासाठी : हात समोर सरळ ठेवून पट्टा धरा आणि दोन्ही हात बाजूंना पसरा.

४. गुडघ्यांसाठी : खुर्चीवर बसून मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या वर, पट्ट्याचे कडे घाला. गुडघे आत वळू न देता उभे राहा, पुन्हा बसा. ज्येष्ठांनी खुर्ची भिंतीला टेकवावी आणि बाजूला आधार ठेवावा.

५. बोटांसाठी : पाचही बोटांच्या टोकांभोवती साधे रबरबँड घाला आणि बोटे फाकवा. विडी कामगार भगिनींसाठी हा मुद्दाम दिला आहे.

प्रत्येक व्यायाम दहा ते पंधरा वेळा करावा. थोडे थांबून पुन्हा एक फेरी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला हवा. हे पाचही व्यायाम दोन-तीन दिवस करा. ज्याला तेवढेही जमत नाही, त्याने पहिला व्यायाम रोज दोन मिनिटे करावा. श्वास रोखू नका. ओढताना सोडा, परत येताना घ्या. पट्टा झटकन सोडू नका, कारण सावकाश परत येण्यातही व्यायाम असतो.

किती ताणायचा

भिक्खू सोण कोळिविस यांची गोष्ट आपण विहारात ऐकली असेल. चंक्रमण करता करता त्यांच्या पायांतून रक्त येऊ लागले आणि मन खचले. तथागतांनी त्यांना वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. पट्ट्याचेही तसेच आहे. शेवटच्या तीन-चार वेळा ओढताना जोर लागला पाहिजे, पण हात थरथरू नयेत आणि अंग वाकडे होऊ नये. पंधरा वेळा सहज जमू लागले की पट्टा थोडा आखूड धरा किंवा पुढचा रंग घ्या. मूळ लांबीच्या अडीचपटीपेक्षा जास्त ताणू नका.

दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकले तर घाबरू नये. मात्र सांध्यात कळ आली, हाताला मुंग्या आल्या, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनीही तसेच करावे. दुखणे दोन-तीन आठवड्यांत हटले नाही तर अंगावर काढू नका. पगारातून कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, रक्कम कापली जात असेल तर उपचार हा तुमचा हक्क आहे. विमा नसणाऱ्यांनी सिव्हिलमध्ये भौतिकोपचाराची चौकशी करावी.

पट्टा जपा, डोळे जपा

ऊन आणि उष्णता रबराची वैरी आहेत. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्र्याचे घर, म्हणून पट्टा छताजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. घाम पुसून, किंचित पावडर लावून कापडी पिशवीत ठेवा. तेलाचा हात लावू नका. दर वेळी उजेडात धरून बघा. बारीक भोक किंवा चीर दिसली की तो पट्टा बाद. तुटलेला पट्टा थेट डोळ्यावर बसू शकतो, म्हणून तोंडाच्या दिशेने ताणू नये. पत्र्याच्या दाराची कडी, कपाटाचा पाय, गॅसची टाकी यांना पट्टा अजिबात बांधू नका. आपलाच पाय हा सर्वांत भरवशाचा खुंटा. लहान मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

वेळ कुठून आणायचा

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते सहा तास विश्रांतीसाठी, घरासाठी, शिक्षणासाठी आणि संघटनेसाठी होते. कामगाराचे आयुष्य कारखान्याबाहेरही असते, हे त्या कायद्याने मान्य केले. त्यातली रोजची दोन मिनिटे आपल्या शरीराला दिली तर ती वाया जाणार नाहीत.

एकट्याने सुरू केलेला व्यायाम आठवडाभरात सुटतो. म्हणून रविवारी वंदनेनंतर विहारातच दहा मिनिटे सर्वांनी मिळून हे पाच व्यायाम करावेत. चार-पाच घरांनी वर्गणी काढून वेगवेगळ्या जोराचे दोन-तीन पट्टे घ्यावेत. कोणाला कोणता झेपतो ते कळले की मग आपापला विकत घ्यावा. महिला मंडळाने पुढाकार घेतला तर अधिक चांगले, कारण आईने केलेला व्यायाम मुले न सांगता शिकतात.

जय भीम!