जागलीच्या खोपडींत ऊब कशी राखावी ?

वर्धा जिल्ह्यांतील आमच्या सेलू तालुक्यांत कार्तिक सरला कीं गहू-हरभऱ्याचीं शेतें हिरवीं दिसूं लागतात, तूर फुलावर येते, कपाशीची वेचणी चालू असते, आणि त्याबरोबरच शेतकऱ्याची रात्रींची जागलहि सुरू होते. बोरच्या जंगलास २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या जंगलाच्या कडेच्या शिवारांत रानडुकरें व रोही एका रात्रींत उभें पीक कसें तुडवून जातात, हें वाचकांस सांगावयास नको. शिवाय ओलिताची वीज पाळीनें मिळते, व ती पाळी पुष्कळदां रात्रीची असते. तेव्हां घरांतील कोणाला तरी, किंवा सालदाराला, शेतांत निजावें लागतेंच.

निजावयाची जागा म्हणजे बहुधा टिनाच्या पत्र्यांची खोपडी, कोठ्याचा एखादा कोपरा, ताडपत्री ताणलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, किंवा क्वचित् जुन्या काळची छपराची दमणी. पौष-माघांत आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास, व कांहीं रात्रीं त्याहूनहि खालीं उतरतो. ओलितावरून भिजल्या पायांनीं परत आलेला माणूस खोपडीचें दार लावून घमेल्यांत पऱ्हाट्यांचे किंवा बाभळीचे निखारे घेतो व त्यांशेजारीं निजतो. ही रीत जितकी स्वाभाविक आहे तितकीच ती प्राणघातक आहे. ती सोडून ऊब कशी राखतां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

ऊब जाते कोठून ?

कारकुनाच्या संवयीप्रमाणें प्रथम जमाखर्च मांडतों. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व सात फूट उंच अशी पत्र्याची खोपडी धरूं. बाहेर १० अंश थंडी असतां आंत २० अंश ऊब राखावयाची आहे. चारी भिंती व छप्पर मिळून सुमारें ३३० चौरस फूट पत्रा होतो. या नुसत्या पत्र्यांतून दर क्षणीं सुमारें १८०० वॅट इतकी उष्णता बाहेर जाते. म्हणजे विजेची दोन हजार वॅटची शेगडी जवळ जवळ सारखी जळत ठेवावी लागेल, व एका रात्रींत चौदा-पंधरा युनिटें खर्चीं पडतील. वारा सुटला तर खर्च आणखी वाढेल.

आतां हवेचा हिशेब पाहूं. त्याच खोपडींतील सर्व हवा तासांत एकदां बदलली, तर तिच्याबरोबर जाणारी उष्णता अवघी ५० ते ६० वॅट भरते. तासांत तीन वेळां बदलली तरी दीडशे-पावणेदोनशेंच्या पुढें ती जात नाहीं. झरोका बुजविला म्हणजे ऊब टिकते, असा आपला सार्वत्रिक समज आहे. परंतु खर्चाची मोठी रक्कम पत्र्याच्या नांवावर पडते, झरोक्याच्या नांवावर फार थोडी. फटी चिंध्यांनीं बुजवून आपण जें वांचवितों तें अल्प, आणि जें संकट ओढवून घेतों तें फार मोठें असतें.

धूर नाहीं म्हणून निर्धोक नव्हे

लांकूड ज्वाळेनें जळत असतें तेव्हां धूर होतो, डोळे चुरचुरतात व माणूस आपण होऊन बाहेर पळतो. म्हणून आपले लोक बाहेर शेकोटी पेटवून ज्वाळा शमल्यावर निखारे आंत नेतात व आतां धोका टळला असें समजतात. वस्तुतः धोका येथूनच वाढतो. निखाऱ्याच्या ढिगांत तळाशीं हवा पुरते तेथें कर्बद्विप्राणिल वायु होतो. तोच वर चढतांना लाल कोळशाशीं त्याची गांठ पडते व त्याचा कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु बनतो. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, व तो डोळ्यांस झोंबतहि नाहीं. रक्तांतील जो तांबडा पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक जोरानें चिकटतो. त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर आंतल्या आंत गुदमरतें.

एक किलो कोळसा शेगडींत जळला तर शंभर ग्रॅमहून अधिक असा वायु निघूं शकतो. वर धरलेल्या खोपडींत सुमारें १६ घनमीटर हवा मावते. तींत पाव किलो कोळसा सर्व झरोके बंद करून जाळला, तर दर घनमीटर हवेंत दीड हजार मिलिग्रॅमच्या वर हा वायु होईल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं घरांतील हवेसाठीं घातलेली मर्यादा पंधरा मिनिटांपुरती १०० मिलिग्रॅमची व एका तासापुरती ३५ मिलिग्रॅमची आहे. आपला माणूस त्या हवेंत रात्रभर निजतो, हें ध्यानांत घ्यावें.

या वायूचा शोध घेण्यांत इंग्लंडांतील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं मोठें काम केलें. कोळशाच्या खाणींतील स्फोटानंतर मरणारे मजूर बहुतांशीं भाजून मरत नसून या वायूनें मरतात, हें त्यांनीं १८९६ सालीं दाखवून दिलें. पुढें खाणींत पिंजऱ्यांतून लहान कॅनरी पक्षी नेण्याची वहिवाट पडली व ती ब्रिटनमध्यें १९८६ पर्यंत चालली. पक्षी आधीं गळून पडे व माणसांस सूचना मिळे. आपल्या खोपडींत असा पक्षी नाहीं. तेथें निजलेल्या माणसासच प्रथम ग्लानि येते, आणि झोप व ग्लानि यांतील भेद त्याचा त्यास कळत नाहीं.

हें केवळ निखाऱ्यांपुरतें नाहीं. २०२० सालच्या जानेवारींत केरळांतील प्रवासी नेपाळांत दामन येथें एका विश्रामस्थानीं उतरले होते. त्यांपैकीं आठ जण, त्यांत चार मुलें, वायूच्या शेगडीची ऊब घेत एका बंद खोलींत निजले आणि सकाळीं बेशुद्ध आढळले. त्यांपैकीं एकहि वांचला नाहीं. ते लोक अडाणी नव्हते. खोली पक्की होती व शेगडीहि आधुनिक होती.

निरनिराळ्या शेगड्यांचे गुणदोष

परदेशांत मोटारीमागें जोडून न्यावयाच्या लहान चाकांवरील खोल्यांतून सहल करण्याची पुष्कळ चाल आहे. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. आकारानें ती खोली आपल्या ट्रॉलीएवढी किंवा खोपडीएवढीच असते, व थंडीचा प्रश्नहि तोच असतो. तेथें जळणावर चालणारी जी चांगली शेगडी बसवितात, तिची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. ती जळण्यासाठीं लागणारी हवा नळीनें बाहेरून घेते, जळलेला वायु दुसऱ्या नळीनें बाहेरच सोडते, आणि आंत येते ती केवळ ऊब. विस्तव व निजणारा यांची हवा एक होऊं द्यावयाची नाहीं, हें त्या रचनेंतील सार होय. याच कसोटीवर आपल्याकडील साधनें पाहूं.

निखाऱ्यांचें घमेलें या कसोटीस मुळींच उतरत नाहीं. रॉकेलचा स्टोव्ह व गॅसची सुटी शेगडी यांचीहि गति तीच, कारण दोन्ही खोलींतीलच हवा खातात. शिवाय त्यांत आणखी एक दोष आहे. एक लिटर रॉकेल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें खोलींत येतें. एक किलो गॅसपासून तर दीड किलोहून अधिक. ही वाफ थंड पत्र्यास लागून थेंब होते, आणि पहांटे पांघरूण ओलें व माणूस अधिकच गारठलेला, असा प्रकार होतो.

विजेच्या शेगडींत ज्वलन नाहीं, म्हणून विषारी वायूचें भय नाहीं. तथापि दोन हजार वॅटची शेगडी जवळ जवळ नऊ अँपियर वीज ओढते. शेतांतील खोपडींत दिव्यापुरती ओढलेली बारीक तार तेवढ्यानें तापते व वितळूं लागते. कृषिपंपाची जोडणी पंपासाठीं दिलेली असते, शेगडीसाठीं नव्हे, हेंहि विसरूं नये. सौरदिव्याच्या बॅटरीवर शेगडी चालविण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. बारा व्होल्ट दीडशे अँपियर-तासांची मोठी बॅटरी पूर्ण भरली तरी तींत १.८ युनिटेंच मावतात. रीतसर जोडणी असेल तेथें हजार वॅटपर्यंतची, उलटतांच आपोआप बंद होणारी शेगडी जाड तारेवर व मातीतारेसह वापरावी. कापूस, कुटार, बारदान व पांघरूण यांपासून ती तीन फूट तरी दूर असावी. कीटकनाशकें व डिझेल-पेट्रोलचे डबे त्या खोपडींत नसावेतच. डिझेल इंजिन किंवा जनित्र खोपडीला लागून अथवा झरोक्यासमोर चालवूं नये. त्याच्या धुरांतहि तोच विषारी वायु असतो.

विस्तवावांचून ऊब

जमाखर्चांत पत्र्याचा खर्च सर्वांत मोठा ठरला. म्हणून पहिला उपाय पत्र्यावरच करावा. छपराखालीं व भिंतींस आंतून चार बोटें अंतर सोडून बांबूचे तट्टे बसवावे व त्यांवर माती-शेणाचा पातळ गिलावा द्यावा. ज्यांस हें जमत नाहीं त्यांनीं बारदानाचा दुहेरी पडदा लावावा. पत्रा व तट्टा यांमध्यें अडकलेली स्थिर हवा उष्णतेस सहज वाट देत नाहीं. अशा अस्तरानें १८०० वॅटचा खर्च सहा-सातशें वॅटपर्यंत उतरूं शकतो. अस्तर जितकें दाट व बिनफटीचें तितका लाभ अधिक. मात्र तें बसविल्यावर खोपडींत दिवा किंवा चूल पेटवूं नये.

दुसरा उपाय जमिनीचा. जमिनीवर निजल्यास खालून ओल व गारवा चढतो, व बाजेवर नुसती चादर टाकून निजल्यास खालून वारा लागतो. बाजेवर आधीं पोतें, त्यावर जाड वाकळ किंवा कापसाची गादी, व वर घोंगडी असा क्रम ठेवावा. वर एक पांघरूण वाढविण्यापेक्षां खालीं एक वाढविल्यानें पुष्कळदां अधिक लाभ होतो. निजलेलें माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देतें. ती गमावली नाहीं म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. भिजलेले कपडे व मोजे बदलल्याशिवाय मात्र कोणतेंहि पांघरूण काम देत नाहीं.

तिसरा उपाय म्हणजे शेकोटी बाहेर ठेवून तिची ऊब आंत नेणें. बाहेरच्या विस्तवावर पाणी तापवून दोन लिटरच्या धातूच्या बाटलींत भरावें, बूच घट्ट लावून ती फडक्यांत गुंडाळावी व पायथ्याशीं ठेवावी. असें पाणी निवेपर्यंत शंभर वॅटची शेगडी तासभर चालविल्याइतकी ऊब देतें, व ती खोपडीच्या पत्र्यास न मिळतां थेट पांघरुणांत मिळते. तापलेली वीट राख झटकून, जाड फडक्यांत गुंडाळून ठेवल्यासहि हेंच काम होतें. मात्र तिला निखारा चिकटलेला नाहीं हें आधीं पहावें.

एवढें करूनहि दोन झरोके उघडे ठेवावेच; एक दाराच्या बुडाशीं व एक समोरच्या भिंतींत छपराजवळ, प्रत्येकी वीतभर लांबरुंद. खालून गार हवा येते व वरून कोंदट हवा जाते. साप-उंदीर येऊं नयेत म्हणून त्यांस बारीक जाळी लावावी. हे झरोके श्वासासाठीं आहेत. ते आहेत म्हणून निखारे आंत नेण्यास हरकत नाहीं, असा अर्थ कोणी काढूं नये.

प्रसंग ओढवल्यास

सकाळीं डोकें जड असणें, मळमळ, चक्कर, पायांतील शक्ति जाणें, व दारू प्यायल्यासारखें अडखळत बोलणें, हीं या विषाचीं लक्षणें होत. तीं थंडीचीं किंवा अपचनाचीं समजून लोक पुन्हां शेगडीपाशींच निजतात व दगावतात. एकाच खोपडींत निजलेल्या दोघांचेंहि डोकें दुखत असेल व बाहेर आल्यावर उतार पडत असेल, तर संशयास जागा राहूं नये.

कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार सताड उघडावें, श्वास रोखून आंत जावें व माणसास ओढून मोकळ्या हवेंत आणावें. श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वास द्यावा, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी त्यास रुग्णालयांत नेलेंच पाहिजे. साध्या हवेंत हा वायु रक्तांतून निम्मा उतरण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तेंच काम तास-दीड तासांत होतें. वर्ध्याजवळ सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आहे, व सावंगी येथेंहि मोठें रुग्णालय आहे. तेथें गेल्यावर ‘रात्रीं बंद खोपडींत शेगडी होती’ हें वाक्य डॉक्टरांस प्रथम सांगावें. २०२० च्या करोना साथीपासून पुष्कळ घरीं बोटास लावण्याचें ऑक्सिमीटर आहे. त्यावर या प्रसंगीं विसंबूं नये. विषारी वायूनें भरलेलें रक्तहि त्या यंत्रास प्राणवायूनें भरल्यासारखेंच दिसतें, व आंकडा चांगला येतो.

शेवटीं एक गोष्ट जमीनदार वाचकांस विनंतीपूर्वक सांगावयाची आहे. जागलीस आपण स्वतः जातों त्यापेक्षां सालदारास अधिक वेळां धाडतों. त्याच्या वाट्यास जुनी घोंगडी, उघडा पत्रा व घमेलेंभर निखारे येतात, आणि त्याची रात्र कशी गेली हें विचारण्याची आपल्यांत पद्धति नाहीं. तट्टे, बारदान, एक जाड वाकळ व पाण्याची बाटली यांस जो खर्च लागेल, तो बियाणें व खत यांच्या खर्चापुढें नगण्य आहे. पुढील अमावास्येपूर्वीं प्रत्येकानें आपल्या शेतांतील खोपडी एकदां आंतून पहावी, झरोके मोजावे, आणि निखाऱ्यांचें घमेलें आंत जात असेल तर तें त्याच दिवशीं बंद करावें. रानडुकरांनीं खाल्लेलें पीक पुढील हंगामांत पुन्हां उभें करतां येतें. तें राखावयास गेलेल्या माणसाचें तसें नाहीं.