वेगळी ठेवलेली प्रत

घरावर दरोडा पडला, की दरोडेखोर ऐवज घेऊन पळून जातो. संगणकावरील दरोड्याची रीत मात्र निराळी आहे. तेथे फायली जागच्या जागीच राहतात. परंतु त्यांतील मजकुराचे अशा गुप्त लिपीत रूपांतर होते, की तो खुद्द मालकालाही वाचता येत नाही. मग पडद्यावर धमकी उमटते : ‘पैसे द्या, म्हणजे किल्ली मिळेल.’ अशी खंडणी मागणाऱ्या घातकी प्रोग्रॅमला ‘रॅन्समवेअर’ असे म्हणतात.

२७ जून २०१७ रोजी युक्रेन देशात, लोकांच्या नित्य वापरातील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमबरोबर ‘नॉटपेट्या’ नावाचा असाच शत्रू संगणकांत शिरला. काही तासांतच तो अनेक देशांत पसरला. डेन्मार्कमधील ‘मर्स्क’ या मोठ्या जहाज कंपनीचे व्यवहार थंडावले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामही बंद पडले. पडद्यावर ३०० डॉलरांची मागणी दिसत होती. परंतु पैसे भरूनही उपयोग नव्हता. या कुलपाला किल्लीच ठेवलेली नव्हती!

मर्स्कचे सुमारे १५० मुख्य संगणक एकच माहिती जपून होते. एक बिघडला, तर दुसरा उपयोगी पडावा, अशी ती योजना होती. पण ते सारे एकाच जाळ्याने जोडलेले असल्यामुळे एकदमच निकामी झाले. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना देशात त्यांपैकी एक सुखरूप सापडला. हल्ल्यापूर्वीच तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटला होता. त्यातील माहिती विमानाने इंग्लंडला नेण्यात आली. तिच्या साहाय्याने कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला. सुमारे १० दिवसांत ४५,००० संगणक नव्याने सज्ज झाले.

घानामध्ये जे दैवयोगाने घडले, ते प्रत्येकाने समजून उमजून करावयास हवे. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम संपताच ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास तीही शत्रूच्या हाती सापडते. अनोळखी ईमेलमधून आलेली फाईल उघडू नये. संगणकातील दोष दूर करणाऱ्या दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात.

इतके करूनही धमकी दिसलीच, तर प्रथम संगणक इंटरनेटपासून व इतर संगणकांपासून तोडावा, म्हणजे शेजारचे संगणक वाचतील. आपल्या हातून चूक झाली असली, तरी ती न लपविता वडीलधाऱ्यांना तत्काळ सांगावी व पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. खंडणी देऊ नये. दिल्याने फायली परत मिळतीलच, असा भरवसा नसतो. संगणक पूर्णपणे स्वच्छ झाल्यावरच राखून ठेवलेली प्रत त्याला जोडावी.

जाणता शेतकरी सारे धान्य एकाच कणगीत भरीत नाही. पेरणीचे बी तो वेगळे राखून ठेवतो. म्हणूनच एखादे वर्ष वाईट गेले, तरी पुढच्या वर्षी त्याचे शेत पुन्हा हिरवे होते.