गंधार एक, जागा दोन

तंबोऱ्याला तारा चार: एक पंचमाची, दोन जोडीच्या आणि शेवटचा खर्ज. गंधाराची तार त्यात नाही. तरीही जवारी नीट लागली की खर्ज छेडल्यावर क्षणभराने वरून एक लख्ख गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तो येतो कुठून? तार अख्खी थरथरते, तशी एकाच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरते. पाच भागांची थरथर मूळ स्वराच्या पाचपट कंपनांची. ती दोन सप्तकं खाली उतरवली, म्हणजे चाराने भागली, की गुणोत्तर उरतं ५/४. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर गंधार बरोबर ३००.

आता दुसऱ्या वाटेने जाऊ. सा-प हे नातं ३/२ चं, म्हणून पंचम ३६०. पंचमाचा पंचम ५४०. एक सप्तक खाली आणला की रिषभ २७०. रिषभाचा पंचम धैवत, ४०५. धैवताचा पंचम ६०७.५, म्हणजे खालच्या सप्तकात गंधार ३०३.७५.

प्रत्येक पायरी अचूक, हिशेबात चूक नाही आणि तरी गंधार दोन! त्यांच्यातलं अंतर ८१/८०. पाश्चात्त्य शास्त्रात याचं नाव सिंटॉनिक कॉमा. आकडा किरकोळ वाटतो, पण दोन्ही गंधार एकत्र धरून ठेवले, तर आवाज सेकंदाला जवळजवळ चार वेळा फुगतो आणि ओसरतो. हा डोल शिकाऊ कानालाही कळतो.

असेच बारा पंचम चढत गेलं की सात सप्तकं वरच्या सा वर यायला हवं. पण बारा पंचमांनी सा १२९.७५ पट चढतो, तर सात सप्तकांनी १२८ पट. हा पायथागोरियन कॉमा. तो कितीही पंचम चढलात तरी मिटणार नाही, आणि कारण शाळकरी आहे. तिनाला तिनाने कितीही वेळा गुणा, उत्तर विषमच येणार. दोनाला दोनाने गुणा, ते समच राहणार. तिनांच्या गुणाकाराचे ५,३१,४४१ आणि दोनांच्या गुणाकाराचे ५,२४,२८८ यांची गाठ पडायची कशी?

पियानो आणि पेटी यांनी ही तफावत बारा स्वरांत सारखी वाटून टाकली. पंचमाचं फारसं बिघडलं नाही, ३६० चा ३५९.६ झाला. झळ लागली ती गंधाराला. पेटीचा गंधार ३०२.४: ना तंबोऱ्याचा, ना पंचमांच्या वाटेचा. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बाहेर काढलं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होतीच. (पुढे पेटी परत आली. ती परत आली हे बरंच झालं.)

भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग आहे. एक वीणा तशीच ठेवायची, दुसरीचा पंचम एका प्रमाणश्रुतीने, म्हणजे एका ठरावीक सूक्ष्म अंतराने, उतरवायचा आणि फरक कानाने ओळखायचा. भरताने गुणोत्तर दिलेलं नाही. ही श्रुती म्हणजे ८१/८०, असा अर्थ पुढच्या अभ्यासकांनी लावला. आपल्याकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेवर मोजून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. त्यांचे स्नेही क्लेमंट्स यांनी तर श्रुतींची पेटीच करवून घेतली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना हे पटलं नाही. मला वाटतं, श्रुतीला कायमची पट्टी नेमून देण्यातच घोटाळा होता.

कारण साधा भूप घ्या, अगदी सुरुवातीला शिकवतात तो. तंबोऱ्याच्या ३०० च्या गंधाराशी जुळायला धैवत ४०० हवा. २७० च्या रिषभाशी जुळायला ४०५. एकच धैवत दोघांशीही जुळवता येत नाही, आणि पाचच स्वरांच्या रागात कॉमा हजर! पेटीच्या पट्टीला यातला एकही जमत नाही. गळा मात्र त्या त्या जागी धैवत हवा तसा लावू शकतो. देशकारातही तेच पाच स्वर आहेत. तिथे धैवत वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि तो भूपापेक्षा चढा लावायचा असं जाणकार बजावतात.