ग्रेट झिंबाब्वेचे निर्माते कोण? : वसाहतपूर्व आफ्रिकेच्या इतिहासलेखनातील एक वाद

प्रस्तावना :
पदवी स्तरावर जगाचा इतिहास शिकताना आफ्रिका खंड विद्यार्थ्यास बहुधा दोनच प्रकरणांत भेटतो. एक गुलामांच्या व्यापाराच्या आणि दुसरे १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर झालेल्या वाटणीच्या. त्यापूर्वी तेथे राज्ये नव्हती, नगरे नव्हती, असा समज त्यातून नकळत रुजतो. हा समज नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने आपल्या व्याख्यानांत आफ्रिकेला जागतिक इतिहासाच्या बाहेरच ठेवले होते. वस्तुतः कुश, अक्सूम, घाना, माली, सोंघाई अशी राज्यांची दीर्घ परंपरा या खंडास लाभली आहे. या परंपरेतील ग्रेट झिंबाब्वे या दक्षिणेकडील नगरीचा परिचय करून देणे आणि तिच्या कर्तृत्वाविषयीचा वाद पुराव्याने मिटूनही राजकारणाने कसा जिवंत ठेवला हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नगरीचे स्वरूप :
आजच्या झिंबाब्वे देशातील मास्विंगो शहराजवळ हे अवशेष आहेत. शोना भाषेतील ‘दगडी घरे’ या अर्थाच्या शब्दांशी या नावाचा संबंध जोडला जातो. अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ही नगरी वसली व वाढली. टेकडीवरील वास्तुसमूह, पायथ्याचे विशाल आवार आणि खोऱ्यातील वस्ती असे तिचे तीन प्रमुख भाग आहेत. विशाल आवाराच्या बाहेरील भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर असून उंची काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत आहे. या भिंतींत चुना किंवा कोणताही सांधणारा पदार्थ वापरलेला नाही. परिसरातील ग्रॅनाइटच्या टेकड्यांचे पापुद्रे ऊन व थंडी यांमुळे सुटतात. असे दगड घडवून ते केवळ एकावर एक रचलेले आहेत. भिंतींवर छपरे नव्हती. त्यांच्या आत मातीची घरे होती. भिंतींचे प्रयोजन संरक्षणापेक्षा राजघराण्याचे वेगळेपण व प्रतिष्ठा दर्शविणे हे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नगरीची लोकसंख्या सुमारे १८,००० असावी असा अंदाज पूर्वी केला जाई. अलीकडील अभ्यासकांनी मात्र हा आकडा १०,००० च्या आत आणला आहे.

अर्थव्यवस्था व व्यापार :
शेती आणि गोधन हा या राज्याचा पाया होता. त्यास पठारावरील सोने व हस्तिदंत यांच्या व्यापाराची जोड मिळाली. हा माल सोफाला बंदरातून किल्वा या नगरराज्याकडे व तेथून हिंदी महासागरात जाई. १३३१ मध्ये किल्वास आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने सोफाल्याच्या सोन्याच्या व्यापाराची नोंद केली आहे. ग्रेट झिंबाब्वे येथे किल्वाच्या चौदाव्या शतकातील सुलतानाचे नाणे, चिनी मातीची भांडी, इराणी बनावटीची भांडी व काचेचे मणी सापडले. हिंदी महासागराच्या या व्यापारात आपला कोकण किनाराही सहभागी होता. चौल येथील काचेच्या मण्यांची रासायनिक घडण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील काही मण्यांशी जुळते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दिसून आले.

वादाचा उगम :
१८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी येथे पोहोचला. दाराच्या तुळईची एक ढलपी त्याने आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. रंग व वास सारखा, म्हणून हे देवदाराच्या जातीचे लाकूड. ते लेबनॉनचे असणार. म्हणून ही वास्तू शेबाच्या राणीची, असे अनुमान त्याने काढले. लाकूड प्रत्यक्षात स्थानिक वृक्षाचे होते. १८९१ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या साहाय्याने थिओडोर बेंट याने उत्खनन केले व निर्मात्यांचा शोध अरबस्तानाकडे नेला. पुढे १९०२ पासून रिचर्ड हॉल याने अवशेषांच्या ‘साफसफाई’च्या नावाखाली कित्येक फूट जाडीचे थर उपसून फेकले. मूळ बांधकाम परकीयांचे व वरचे थर आफ्रिकी लोकांनी केलेली घाण, अशी त्याची धारणा होती. जो पुरावा त्याच्या मताविरुद्ध साक्ष देणार होता, तोच अशा रीतीने नष्ट झाला.

पुराव्याचा निर्णय :
१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर याने ही वास्तू मध्ययुगीन व आफ्रिकी असल्याचा निष्कर्ष मांडला. गौरवसाहतवाल्यांना तो रुचला नाही. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या विदुषीने हॉलच्या हातून वाचलेली जागा शोधून तेथे उत्खनन केले. तिची पद्धत समजण्यास सोपी आहे. भिंतीच्या किंवा जमिनीच्या खाली अबाधित थरात जी वस्तू सापडते, ती भिंत बांधण्यापूर्वीची अथवा त्या वेळची असते. अशा थरांत तिला स्थानिक घडणीची मातीची भांडी व मध्ययुगीन व्यापारातील मणी मिळाले. वास्तू सर्वस्वी आफ्रिकी असल्याचे तिने ठामपणे सांगितले. १९५० च्या दशकापासून किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने झालेल्या कालमापनानेही मध्ययुगीन काळास पुष्टी दिली. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. परदेशी वस्तू सापडणे हा व्यापाराचा पुरावा आहे, परदेशी निर्मात्याचा नव्हे. चिनी भांडे विकत घेणारा चिनी असावा लागत नाही; त्याच्याकडे ते घेण्याची ऐपत असावी लागते.

पुरावा आणि सत्ता :
विद्वानांपुरता वाद येथे संपला. तथापि १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गौरवर्णीय अल्पमतातील सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केल्यानंतर परकीय निर्मात्यांच्या कल्पनेस पुन्हा बळ मिळाले. मार्गदर्शक पुस्तिकांत या कल्पनेस स्थान मिळावे यासाठी दबाव येऊ लागला. स्मारकांचे निरीक्षक पीटर गार्लेक यांनी १९७० मध्ये देश सोडला. कारण उघड आहे. येथील लोकांनी स्वतः राज्य उभारले होते असे मान्य केले, तर त्यांना राज्य करता येत नाही हा वसाहतीचा आधारच ढासळतो. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच नगरीचे नाव धारण केले आणि तेथे सापडलेला दगडी पक्षी आपल्या ध्वजावर घेतला. १९८६ मध्ये या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

समारोप :
सुमारे १४५० नंतर ग्रेट झिंबाब्वेचे महत्त्व ओसरले. परिसरातील साधनसंपत्तीवरील ताण व व्यापारमार्गांचे स्थलांतर ही त्याची कारणे सांगितली जातात. मात्र परंपरा खंडित झाली नाही. उत्तरेस मुतापा आणि पश्चिमेस खामी येथे ती पुढे चालली. या वादातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा की, माउख, बेंट व हॉल यांना अवशेष दिसत नव्हते असे नाही. उत्तर आधी ठरवून ते दगडांकडे पाहत होते. लिखित साधने नसलेल्या समाजाला इतिहास नसतो, हे मत येथील भिंतींनी आणि भिंतींखालच्या मातीने खोटे ठरविले आहे. म्हणून आफ्रिकेचा इतिहास शिकविताना बर्लिन परिषदेच्या आधीचे एक प्रकरण तरी अभ्यासक्रमात असणे अगत्याचे आहे. अन्यथा हॉलने उपसून टाकलेला थर आपणही वर्गात न कळत उपसून टाकत राहू.