भरतीच्या वेळी पक्ष्यांनी कोठे जावे?

चैत्रात ठाण्याच्या खाडीवर पक्षी पाहावयास निघणाऱ्याने घड्याळाआधी तिथी पाहावी हे बरे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते व ओहोटीही तितकीच दूर जाते. खाडीवरचा दिवस या पाण्याच्या चालीवर बेतलेला असतो. रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु वसंतातील स्थलांतराची खरी कहाणी वाचावयाची, तर चिखलावर लगबगीने धावणाऱ्या चिखल्या, तुतवार, पाणटिवळा या पक्ष्यांकडेच पाहिले पाहिजे.

ओहोटी लागते, काळसर चिखल उघडा पडतो, आणि सरत्या पाण्याच्या कडेने हे पक्षी चरू लागतात. चिखल्याची आखूड चोच वरवरचे किडे टिपते. तुतवाराची चोच किंचित खोल जाते. पाणटिवळा आपली लांब चोच पार आतवर खुपसतो. एकाच पंगतीत बसून कोणी कोणाच्या पानातले घेत नाही. हिवाळाभर करड्या दिसणाऱ्या अनेकांच्या अंगावर एप्रिलमध्ये विटकरी, तांबूस रंग चढतो. ही परतीची खूण होय. यांतील काही जाती तिबेटच्या पठारावर, तर काही थेट सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यालगत घरटी करतात.

या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरील चरबी. लांब पल्ल्याच्या काही जातींचे वजन प्रस्थानापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. 2007 साली पाणटिवळ्याच्या कुळातील एका मादीचा उपग्रहाद्वारे मागोवा घेण्यात आला. ती अलास्काहून न्यूझीलंडला कोठेही न थांबता, आठ दिवसांत 11,000 किलोमीटरहून अधिक अंतर तोडून पोहोचली. साठवलेल्या चरबीचे सामर्थ्य असे असते.

मात्र सहा तासांनी भरती येते आणि ताट पाण्याखाली जाते. पोहत राहणे या पक्ष्यांना मानवत नाही. त्यांना उथळ पाण्याची, मोकळी, चहूबाजूंस दृष्टी पोहोचेल अशी जागा लागते. मग थवेच्या थवे मिठागरांकडे, नेरुळच्या पाणथळींकडे, खाडीमुखापलीकडील उरणजवळच्या पांजेकडे वळतात व एका पायावर उभे राहून विसावतात. तेथून त्यांना वारंवार उठवले, मग ते कुत्र्याने असो वा छायाचित्राच्या हौसेने, तर चिखलातून मिळवलेली शिदोरी आकाशात घिरट्या घालण्यातच खर्ची पडते. दिवसभर निरीक्षण करणाऱ्यास एवढे निश्चित उमगते की, या पक्ष्यांचे घर एक नाही, दोन आहेत.

आपली संरक्षणाची व्यवस्था मात्र यांतील एकच घर जाणते. ठाणे खाडी 2015 साली अभयारण्य झाली, 2022 साली रामसर स्थळांच्या यादीत गेली. हे निःसंशय अभिनंदनीय आहे. पण 2017 च्या पाणथळविषयक नियमांनी मीठ पिकवण्यासाठी मानवाने केलेली जलक्षेत्रे व्याख्येतूनच वगळली, आणि 2024 साली मुंबईच्या पूर्व उपनगरांतील सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गरिबाला घर हवे, यात दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, मिठागराचा तुकडा निकामी ठरवताना तेथे कोणत्या महिन्यात, किती उंचीच्या भरतीला, किती पक्षी येऊन बसतात, हे कोणी मोजले काय?

ही मोजणी अवघड नाही. दुर्बीण, वही आणि भरतीचे कोष्टक एवढ्या सामग्रीवर शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीही ती करू शकतात. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अशा हौशी निरीक्षकांच्या नोंदींना शास्त्राचा दर्जा मिळवून दिला आहे. जमिनीचे भवितव्य ठरवणाऱ्या प्रत्येक कागदाला भरतीच्या वेळची ही मोजणी जोडणे सक्तीचे व्हावे. अन्यथा चिखल राखल्याचे समाधान आपणास लाभेल. मात्र भरतीत टेकण्यास जागा न उरलेले पक्षी पुढल्या हिवाळ्यात त्या चिखलाकडे फिरकणार नाहीत.